शनिवारपुरता विमा

कथबर्ट हेस्लपच्या घरात त्या शनिवारी काय काय येण्यासारखं होतं, ते आधी मांडून ठेवू. पहिल्या बक्षिसाचे सातशे पौंड. चांदीचा मुलामा दिलेला कप, जो वर्षानं परत करायचा असतो, पण तोवर पुढच्या खिडकीत ठेवता येतो, आणि पुढची खिडकी रस्त्यावर उघडते. वेदरहोपच्या कामगार क्लबातल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत नाव. आणि चौथी गोष्ट, जी कुठल्याच बक्षिसांच्या यादीत छापत नाहीत: शेजारच्या विल्फ स्टॉब्सचं पडलेलं तोंड. पहिल्या तिन्ही गोष्टी एका पारड्यात घातल्या असत्या, तरी कथबर्टचं मन चौथीच्या पारड्यात जाऊन बसलं असतं.

खरं सांगायचं तर यातलं काहीच कथबर्टचं नव्हतं. लीक होते त्याच्या बायकोचे, नोराचे. लीक म्हणजे दिसायला पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ; पण डरहॅमकडच्या जुन्या खाणगावांत त्याला भाजी म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजतात. मनगटाएवढा नव्हे, मांडीएवढा लीक वाढवायचा, तोही एकटा नाही, एकसारख्या दोघांची जोडी, आणि सप्टेंबरात ती क्लबाच्या फळीवर नेऊन मांडायची. परीक्षक घेर मोजतो, उंची मोजतो, सालीवर एक ओरखडा दिसला तरी नाक मुरडतो. नोरा तीस वर्षं जोड्या मांडत होती. दुसरा नंबर पाच वेळा, तिसरा चार वेळा. पहिला एकदाही नाही. आणि तिचा दुसरा आला त्या पाचांपैकी चार वेळा पहिला होता विल्फ स्टॉब्स.

या वर्षी मात्र तिची जोडी अशी फुगली होती, की कुंपणापलीकडून बघताना विल्फ बोलायचा थांबायचा. नेमकं त्याच वेळी नोराचा गुडघा बदलायची तारीख आली. सात महिने वाट पाहिलेली तारीख कोणी लीकसाठी सोडत नाही. ती हॉस्पिटलात गेली, जखम भरायला वेळ लागला, आणि शनिवारपर्यंत काही ती सुटत नव्हती. जाताना तिनं कथबर्टला पाणी घालण्याच्या सूचना दोन पानं भरून लिहून दिल्या होत्या. त्या सूचना तंतोतंत पाळताना बुधवारी सकाळी कथबर्ट पाण्याच्या नळीत पाय अडकून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. पडताना तो डावीकडे पडला असता तर मऊ मातीत पडला असता. पण डावीकडे लीक होते.

तर आता हिशोब असा. गाडी होती: मागं लांब जागा असलेली जुनी तपकिरी गाडी, आणि त्या जागेत कथबर्टनं स्वतः बनवलेली, गादीचे तुकडे लावलेली, लीक ठेवायची लाकडी चौकट. चालवायला हात नव्हता. मुलगी कॅनडात. टॅक्सीत एवढी पात मोडल्याशिवाय मावत नाही. त्यांच्या एल्डरबर्नपासून वेदरहोप अकरा मैल, आणि शनिवारी साडेदहाला फळी बंद. साडेदहानंतर आलेल्या लीकचं तिथं एकच काम, दुसऱ्या दिवशीचं सूप.

गुरुवारी दुपारी विल्फ कुंपणाशी आला.

"हात कसा आहे?"

"बोटं पाच आहेत. मोजून घेतली."

"शनिवारी गाडी कोण चालवतंय?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. माझ्या जोडीला वेदरहोपला जायचंय." विल्फनं टोपी काढून पुन्हा घातली. "माझी गाडी ऑगस्टात तपासणीत नापास झाली. भंगारवाल्यानं नेली. बघितलंस ना तू खिडकीतून."

कथबर्टनं बघितलं होतं. चहा घेऊन बघितलं होतं.

"म्हणजे," विल्फ म्हणाला, "तुझ्याकडे गाडी आहे आणि हात नाही. माझ्याकडे दोन हात आहेत."

कथबर्टनं मनात दोन रकाने पाडले. विल्फला नेलं, तर विल्फची जोडीही जाणार आणि कदाचित पाचव्यांदा तेच होणार. नाही नेलं, तर नोराची जोडी घरीच, आणि हॉस्पिटलात जाऊन ते तोंडानं सांगायचं. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा जड निघाला.

"गाडी माझ्या नावावर विम्यात आहे," तो म्हणाला. "फक्त माझ्या. आणि एकतीस वर्षांत मी एकही दावा केलेला नाही. एकतीस! दर वर्षी कंपनीचं पत्र येतं."

"माहीत आहे. दर वर्षी वाचून दाखवतोस."

"तू कुठं खरचटलंस, तर माझा नो-क्लेम बोनस जाईल."

"अरे बाबा, त्याची काळजी कशाला? माझी पॉलिसी नोव्हेंबरपर्यंत आहे. पूर्ण विमा. मालकाच्या परवानगीनं मी कुणाचीही गाडी चालवू शकतो. आख्ख्या इंग्लंडला माहीत आहे हे."

आख्ख्या इंग्लंडला माहीत असलेल्या गोष्टी नोराला एकदा विचारून घ्याव्यात, एवढं शहाणपण कथबर्टला बेचाळीस वर्षांच्या संसारात आलं होतं. त्यानं विल्फला स्वयंपाकघरात बसवलं, चहाचं पाणी ठेवलं आणि फोन मोठ्या आवाजावर करून टेबलावर मधोमध ठेवला.

नोरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विल्फ, ती पॉलिसी कुठाय?"

"घरी. बिस्किटांच्या डब्यात."

"जा आणि घेऊन ये."

विल्फ गेला आणि घेऊन आला. नोराच्या सांगण्यावरून त्यानं शेवटचं पान काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मोठ्यानं वाचायला लागला. दुसऱ्या ओळीत त्याचा आवाज बसला. दुसऱ्याची गाडी चालवली, तर विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा. चालवत असलेल्या गाडीचं जे होईल ते तिच्या मालकाचं नशीब. आणि तेवढंही केव्हा? पॉलिसीत लिहिलेली स्वतःची गाडी अजून स्वतःकडे असेल तेव्हा.

"तुझी कुठाय?" नोरानं विचारलं.

"भंगारात."

"मग गाडी भंगारात गेल्यावर पॉलिसी काय डब्यातली बिस्किटं राखत बसली होती? सहा आठवडे तू कुणाकुणाच्या गाड्या चालवल्यास?"

"एकदाच," विल्फ म्हणाला. "चर्चची व्हॅन. खुर्च्या होत्या आत."

"देवानंच राखलं म्हणायचं. त्याच्याच खुर्च्या." नोरा म्हणाली. "ऐका आता. थोड्या वेळापुरता विमा मिळतो. चालवणाऱ्याच्या नावानं, आपल्या गाडीवर. काही झालंच तर तो दावा विल्फच्या या नव्या पॉलिसीवर. कथबर्टच्या पत्राला हात लागत नाही. माझ्या फोनवर उघडलंय मी. तासाचा आहे तेरा पौंडांना, दिवसाचा एकवीस साठ."

"तासाचा," कथबर्ट म्हणाला. "अकरा मैलांना तास कशाला, अर्धाच तास लागेल."

"आणि परत काय चालत येणार? कप डोक्यावर घेऊन?"

फोनमधून आणखी एक आवाज आला. शेजारच्या खाटेवरची बाई. "दिवसाचाच घ्या हो! माझ्या जावयानं दोन तासांचा घेतला सोफा आणायला. सोफा दारातच अडकला. जावई अजून ऐकून घेतोय."

"दिवसाचा," नोरा म्हणाली. "सकाळी नऊपासून. विल्फ, जन्मतारीख सांग."

त्यापुढची वीस मिनिटं म्हणजे कथबर्टच्या त्या आठवड्यातली सगळ्यात चांगली वीस मिनिटं होती. कारण विमा कंपनी जे विचारते ते शेजाऱ्याला सव्वीस वर्षांत विचारता येत नाही. वय एकोणसत्तर निघालं; विल्फ गावात सासष्ट सांगायचा.

"लायसन्सवर गुन्ह्यांबद्दल काही दंडाचे गुण?"

विल्फनं चहाकडे बघितलं. "तीन."

"कशाचे?"

"वेगाचे."

"वेगाचे?" कथबर्टनं मोडका हात टेबलावर आपटला आणि कळवळला. "तू? अरे, तुझ्यामागून प्रेतयात्रा हॉर्न देत जाते!"

"ताशी वीस मैलांची हद्द होती. मी सव्वीसवर होतो. उतार होता."

"गाडीची किंमत?" नोरानं पुढचं विचारलं.

"चार हजार," कथबर्ट म्हणाला.

"नऊशे," विल्फ म्हणाला.

"दोन हजार," नोरा म्हणाली आणि लिहून टाकलं. "विल्फ, ईमेल आहे ना तुला?"

"आहे. लायब्ररीत."

"लायब्ररीत कशी असेल?"

"मी तिथंच उघडतो. मंगळवारी."

शेवटी विमा विल्फच्या नावाचा, कागद यायचा पत्ता नोराचा, असं ठरलं. तिनं अटी वाचून दाखवल्या. अपघात झाला, तर पहिले साडेतीनशे पौंड चालवणाऱ्याच्या खिशातून, पुढचे कंपनीचे. विल्फ म्हणाला, कबूल. कथबर्ट म्हणाला, लेखी घे. नोरा म्हणाली, लेखीच आहे, आणि स्वतःच्या कार्डानं पैसे भरून मोकळी झाली.

विल्फनं खिशातून नाणी काढून टेबलावर मांडली: दहा पौंड ऐंशी. निम्मे. कथबर्टनं डावा हात पुढं केला.

"कथबर्ट, ते परत दे त्याला."

"तुला कसं दिसलं?"

"ऐकू आलं. या विम्याचे पैसे माझे. त्याच्याकडून एक पेनी घ्यायची नाही."

हे कथबर्टला कळलं नाही. नोरा पैशाला सैल नव्हती. टी-बॅग दोनदा वापरणारी बाई विल्फ स्टॉब्सवर दहा पौंड ऐंशी उधळते, तेव्हा नवऱ्यानं कारण विचारायला हवं. पण विल्फनं नाणी मुकाट्यानं उचलली, वाद घातला नाही, आणि तेही कथबर्टला कळलं नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता, एक मिनिटही आधी नाही, विल्फ चालकाच्या जागेवर बसला. जोड्या आधीच चढवल्या होत्या: ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या, मुळांची पांढरी दाढी विंचरून बांधलेली, पात मागच्या काचेकडे पसरलेली. नोराची डावीकडे, कथबर्टच्या पाठीशी. विल्फची उजवीकडे, स्वतः विल्फच्या पाठीशी. मधे एक उशी.

एकमेकांच्या जोडीकडे कोणी बघत नव्हतं, आणि दोघांनीही पाहून घेतलं होतं. विल्फची जोडी या वर्षीही जबर होती. कथबर्टनं डोळ्यांनी घेर मोजला. फरक होता तो एखाद्या सालीचा. कुणाच्या बाजूनं, ते परीक्षकाची पट्टीच सांगणार.

विल्फ वीसच्या वर गेला नाही. मागं गाड्यांची रांग लागली. कथबर्टनं खाण बंद पडल्यावर बावीस वर्षं बस चालवली होती. त्याला गप्प बसवेना.

"दुसरा गिअर."

"दुसऱ्यातच आहे."

"मग ती अशी का रडतेय?"

"तुझ्या शेजारी बसून कोण नाही रडणार?"

"खड्डा."

"दिसला."

"दिसला तर चुकवायचा असतो, लेका! तीस वर्षांची मेहनत आहे माझ्या पाठीमागं."

"माझ्या पाठीमागं काय बटाटे आहेत?"

माळ ओलांडून रस्ता पलीकडे उतरायला लागला. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला शेतांची फाटकं. मागची रांग वळणावर वेगळी झाली होती, समोर कोणी नव्हतं. नऊ वाजून पंचवीस मिनिटं. कथबर्टच्या मनात पहिल्यांदाच आलं की हे जमतंय.

तेवढ्यात भिंतीवरून मेंढी आली. भिंतीवरून मेंढी येते कशी, हा प्रश्न त्या भागात कोणी विचारत नाही. ती आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून गाडीकडे अशी बघायला लागली, जसं काही तिनंच बोलावलं होतं.

कुणीही माणूस अशा वेळी ब्रेक दाबतो. वीसच्या वेगात जोरात दाबला तर काय होतं? माणसं पट्ट्यानं बांधलेली असतात, त्यांना काही होत नाही. पण लीक पुढं सरकतात, मान खोडापाशी मोडते, आणि मोडलेल्या मानेचा लीक म्हणजे सूप. हे लीक लावणाऱ्या माणसाच्या पायाला माहीत असतं. विल्फचा पाय ब्रेकवर अलगद टेकला, दाबला गेला नाही. त्याऐवजी हात फिरले. डावीकडे भिंत होती. कथबर्टला वाटलं, आता डावीकडे जाणार, जो तो डावीकडेच जातो. त्यानं भिंत जवळ येण्याची वाट बघत डोळे मिटले.

भिंत आली नाही. गाडी उजवीकडे गेली, रिकामा रस्ता ओलांडून, आणि फाटकाच्या दगडी खांबाला चालकाच्या दारानं घासत, लांब किंचाळत, थांबली.

मेंढी निघून गेली.

"नोराची!" विल्फ ओरडला. "नोराची बघ आधी!"

गाडीकडे कोणी बघितलंच नाही. विल्फचं दार उघडेना, म्हणून एकोणसत्तर वर्षांचा माणूस गिअरवरून सरपटत कथबर्टच्या बाजूनं बाहेर आला. मागचं दार उघडलं. नोराची जोडी जशी ठेवली होती तशी, झोपलेल्या बाळासारखी. पातीचं टोकसुद्धा हललं नव्हतं.

विल्फच्या जोडीतल्या एकाच्या बाहेरच्या सालीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. खांब त्याच बाजूला लागला होता. चौकटीची फळी आत दबली होती.

विल्फनं त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग त्यानं खिशातून छोटा चाकू काढला.

"सोलतोस?" कथबर्टनं विचारलं.

"एक थर. चीर आत गेलेली नाही."

"मग दुसऱ्याचाही सोलावा लागेल. जोडी आहे."

"मला शिकवू नकोस."

एक थर म्हणजे घेरात किती, ते दोघांनाही ठाऊक होतं. विल्फनं रस्त्याच्या कडेला, गुडघ्यावर फडकं पसरून, दोन्ही लीकची एकेक साल अशी काढली जशी आई तापलेल्या पोराचे मोजे काढते. मग टोपी घातली, पुन्हा गिअरवरून सरपटत आपल्या जागी गेला आणि म्हणाला, "चल. सव्वीसनं जातो आता."

दहा वाजता ते वेदरहोपला पोहोचले. साडेदहाच्या आत दोन्ही जोड्या फळीवर होत्या.

परीक्षण बंद दाराआड चाललं. बाहेर लोक हॅम भरलेला जाड पाव खात उभे होते, आणि गाडीचं दार बघून ज्याला जे सुचेल ते बोलत होते. "विल्फ, लीक कापायचा चाकू नव्हता का, दार कशाला कापलंस?" विल्फ हसत होता. कथबर्टला त्या दिवशी हसता येईना. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: उजवीकडे.

दोनला दार उघडलं. पहिला नंबर, नोरा हेस्लप, एल्डरबर्न. दुसरा, विल्फ स्टॉब्स, एल्डरबर्न. कथबर्टनं परीक्षकाचा तक्ता वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. दोन जोड्यांत फरक होता तो इतका, की एका सालीत मावला असता आणि वर थोडी जागा उरली असती.

ज्या तोंडासाठी तो इतकी वर्षं थांबला होता, ते त्यानं वळून बघितलं. ते पडलेलं नव्हतं. विल्फ टाळ्या वाजवत होता, जोरजोरात, दोन्ही हातांनी, आणि शेजाऱ्याला सांगत होता, "तीस वर्षं! तीस वर्षं केलंय तिनं हे!"

परतताना कप कथबर्टच्या मांडीवर होता. माळाचा चढ लागला. त्या फाटकाचा खांब आला. खांबाला तपकिरी रंग लागला होता, बाकी काही नाही.

"उजवीकडे का गेलास?"

"मेंढी होती."

"मेंढी मधे होती. डावीकडेही जाता आलं असतं."

"भिंत होती डावीकडे."

"उजवीकडे खांब होता, विल्फ. मी बावीस वर्षं बस चालवलीय. माणूस घाबरला की डावीकडे जातो. तू ठरवून वळलास. डावीकडे नोराची जोडी होती आणि उजवीकडे तुझी."

विल्फनं गाडी हळू केली. वीसवर.

"नोरानं तुला कधीच सांगितलं नाही?"

"काय?"

"तो कोरडा उन्हाळा आठवतो? नळीनं पाणी घालायला बंदी होती. माझी हिल्डा हॉस्पिटलात होती, सहा आठवडे. मी सकाळी जायचो तो रात्री यायचो. वाफ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, जळू दे." त्यानं गिअर बदलला. "हिल्डा गेली. सगळं आवरून एक दिवस मागं गेलो तर लीक उभे. हिरवेगार. तुझी बायको न्हाणीचं पाणी बादलीनं आणून घालत होती. रोज. तुमच्यातलं निम्मं."

कथबर्टला ती बादली आठवली. न्हाणीचं पाणी सोडू नकोस, म्हणून तिनं सहा आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं. त्याला वाटलं होतं, सगळं आपल्याच लीकना जातंय. त्याला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती त्यानं हळू आवाजात म्हटली. "त्या वर्षी तुझा पहिला आला. तिचा दुसरा."

"माझा कसला? तिच्याच पाण्याचा. मी तिला म्हटलं, मी फलकावर नाव नाही लावणार. ती म्हणाली, गप्प बस आणि कप घे, हिल्डाच्या फोटोपाशी ठेव. म्हणाली, कथबर्टला सांगू नकोस, तो हिशोब मांडत बसेल. तेव्हापासून ती नको म्हणाली की मी नाणी मुकाट्यानं उचलतो."

कथबर्टनं कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला. 

हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा भेटायची वेळ संपायला वीस मिनिटं होती. नोरानं कप हातात घेतला, पायथ्याचं जुनं नाव वाचलं, त्याच्याखालची मोकळी जागा बोटानं चाचपली आणि तिचे डोळे भरले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "विमा दिवसाचाच घेतला ना?"

"दिवसाचाच," कथबर्ट म्हणाला. "आणि तो लागला."

मग त्यानं सगळं सांगितलं. मेंढी, खांब, साल. नोरानं विल्फकडे बघितलं. "वेडा आहेस का तू? दार गेलं गाडीचं."

"दार मिळतं," विल्फ म्हणाला. "तू तीस वर्षं थांबलीस."

नोरानं त्याचा हात धरला आणि सोडला नाही. कथबर्ट खाटेच्या पलीकडे उभा होता. आभार मानायची त्याला सवय नव्हती. बावीस वर्षं बसमधून उतरणारे लोक त्याचे आभार मानायचे आणि तो मान डोलवायचा. त्यानं डावा हात पुढं केला, मग तो उलटा हात आहे हे लक्षात येऊन मागं घेतला, पुन्हा पुढं केला.

"विल्फ," तो म्हणाला, "थँक यू. आजचं. आणि तू पाणी घेतलंस त्याचं."

"पाणी घेतल्याचं कोण आभार मानतं?"

"मला सुचलं ते बोललो. परत घेऊ का?"

"राहू दे," विल्फ म्हणाला. "सव्वीस वर्षांत पहिलंच आहे. जपून ठेवतो."

सोमवारी नोराच्या फोनवरून विल्फनं दावा लावला. गॅरेजवाल्यानं दार, मडगार्ड आणि रंग मिळून चौदाशे ऐंशी सांगितले. कथबर्टनं साडेतीनशेतले निम्मे देऊ केले. विल्फ म्हणाला, निम्मे द्यायचे तर सगळ्याचेच निम्मे करू, कपही करवतीनं मधोमध कापू. विषय तिथं संपला.

आता कुणी काय भरलं ते.

विमा कंपनीनं अकराशे तीस पौंड. नोराच्या कार्डावरून एकवीस पौंड साठ, आणि त्यावर तिची सगळ्यात मोठी दौलत: जिंकलेली जोडी पुन्हा मातीत पुरल्यावर तिच्या बोंडावर केसासारखी रोपं येतात, ती तिनं तीस वर्षं कुणाला दिली नव्हती, त्यातली निम्मी विल्फच्या वाफ्यात गेली, म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिला नंबरही बहुधा गेला. विल्फनं साडेतीनशे पौंड, दोन साली, आणि नवी गाडी घेईल तेव्हा विमेवाल्यांना पाच वर्षं हा अपघात सांगत बसायचं. कथबर्टच्या खिशातून काही गेलं नाही. बत्तिसाव्या वर्षाचं पत्र आलं, ते त्यानं वाचून दाखवलं नाही, आणि प्लास्टर निघाल्यापासून दर गुरुवारी तो विल्फला बाजारात नेऊन आणतो, पेट्रोल स्वतःचं. मेंढीनं मात्र काही भरलं नाही.